वाड्यातला दुसरा बंब

आमच्या वाड्यात दोन बंब होते. एक तांब्याचा. तो मोरीशेजारी तीन पायांवर उभा असायचा आणि सात बिऱ्हाडांना आंघोळीचं पाणी पुरवता पुरवता स्वतः मात्र वर्षातून एकदा, दिवाळीच्या आदल्या दिवशी, चिंच लावून आंघोळ करायचा. दुसरा बंब म्हणजे नाना. नाना आगीच्या बंबावर फायरमन होते. जुन्या नाशकात ‘बंबवाल्यांचा वाडा कुठला?’ म्हणून विचारलं, की लोक बोट दाखवायचे. वाड्याचे खरे मालक या गोष्टीवर शेवटपर्यंत नाराज होते.

नाना नगरपालिकेच्या काळात नोकरीला लागले. १९८२ साली नाशिकची महानगरपालिका झाली, तेव्हा काकू म्हणाल्या, “आता आमचे हे महाबंब झाले.” काकूंची जीभ अशी होती, की तिला अधूनमधून नानांच्याच खात्याची गरज पडावी. त्यांची नेहमीची तक्रार एकच. “घरचा बंब पेटवा म्हटलं तर यांना जमत नाही, आणि गावचा विझवायला झोपेतून उठून पळतात.”

ती तक्रार खरी होती. नानांना बंब पेटवता येत नसे. म्हणजे ते पेटवायचे, पण आधी शेजारी वाळूची बादली आणून ठेवायचे. मग वारा कुठून येतोय ते बघायचे. मग दोरीवर वाळत घातलेली लुगडी तिथून हलवायचे. मग गोवऱ्यांची चळत बंबापासून सहा पावलं लांब रचायचे. हे सगळं होईपर्यंत निम्मा वाडा गार पाण्यानं आंघोळ करून कामाला गेलेला असायचा. शेवटी त्यांची पाळी आमच्या आजीनं स्वतःकडे घेतली. आजी रॉकेलचा बोळा टाकून काडी ओढायची. नाना ते दृश्य बघू शकत नसत. ते त्या वेळी देवळात जायचे.

बंबवाल्यांची भाषा वेगळी असते. ‘वर्दी’ म्हटल्यावर तुमच्या-माझ्या डोळ्यांपुढे पोलिसाचे कपडे येतात. नानांच्या तोंडी वर्दी म्हणजे आगीची खबर. “काल तीन वर्द्या झाल्या,” असं ते म्हणाले, की नवीन आलेल्या भाडेकरूला वाटायचं, खात्यानं तीन जोड कपडे दिले. वर्दी आली की एक मिनिटाच्या आत गाडी दरवाज्याबाहेर. पण वर्दी येईपर्यंत काय? आगीच्या नोकरीत सगळ्यांत जास्त वेळ आग नसण्यात जातो, हे मला नानांमुळे कळलं. पितळी कपलिंगं घासायची. पाइप धुवायचे, उभे टांगून वाळवायचे, गुंडाळायचे. शिड्या पुसायच्या. आणि कान टेलिफोनकडे लावून छपराखाली बसायचं. चोवीस तास.

“कंटाळा येत नाही?” मी एकदा विचारलं.

“येतो की. पण आमचा कंटाळा म्हणजे गावाचं सुख रे लेका. आमची करमणूक झाली, की कुणाचं तरी घर जातं.”

अशी छपराखालची नोकरी करणाऱ्या माणसाला सुट्टीच्या दिवशी छप्पर नकोसं होत असलं पाहिजे. सुट्टीचा वार कुठलाही असो, नाना पहाटे उठायचे, खांद्याला खाकी पिशवी लावायचे, तिच्यात भाकरी, ठेचा, कांदा, वीस हात दोर आणि एक शिट्टी टाकायचे आणि डोंगराकडे निघायचे. वाड्यातली दोन-तीन पोरं मागे असायचीच. सुट्टी मंगळवारी आली, तर आमच्या पोटात सोमवारी रात्रीच दुखायला लागायचं. नाशिकच्या चारी अंगांना डोंगर. सायकल हाणली की चांभारलेणी, पांडवलेणी, फार तर रामशेज. एस.टी. धरली की अंजनेरी आणि ब्रह्मगिरी.

डोंगरावर गेलेला माणूस सहसा वर बघतो. नाना आधी खाली बघायचे. आलो ती वाट कुठे आहे, दुसरी उतरायची वाट आहे का, पोरं किती, पाणी किती. हे झालं की मग वर. सिनेमालाही तेच. विजयानंद थिएटरात आम्ही पडद्याकडे तोंड करून बसायचो, नाना पहिली पाच मिनिटं मागे वळून दरवाजे मोजायचे. लग्नाच्या मांडवात ते यजमानांना ‘बाहेर जायचा दुसरा रस्ता कुठाय?’ असं विचारायचे, आणि जेवणाआधीच पाहुणा जायच्या गोष्टी करतो म्हणून यजमान हिरमुसायचे. आमच्या वाड्याच्या दिंडी दरवाज्यावर तर त्यांचा कायमचा राग. तो आत उघडायचा. “घाबरलेली माणसं दार ढकलतात, ओढत नाहीत. दार बाहेर उघडलं पाहिजे.” हे ते ज्या तळमळीनं सांगायचे ती ऐकून वाटायचं, वाडा बांधणारा पेशवाईतला सुतार अजून कुठे भेटला, तर नाना त्याला नोटीस देतील.

हरिहर गडावर आम्ही गेलो तो दिवस मला विसरता येत नाही. हरिहरच्या त्या प्रसिद्ध पायऱ्या. कातळात कोरलेल्या, अंगावर आल्यासारख्या उभ्या. ऐंशी अंशांचा चढ म्हणतात. आमचे पाय खालीच लटपटायला लागले. नाना मान तिरकी करून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “पाच अंश जास्त आहे.”

“काय?”

“शिडी. भिंत चार फूट उंच, तर शिडीचा पाय भिंतीपासून एक फूट लांब. पंचाहत्तर अंश होतात. ही पाच अंश उभी लावलीये.” मग पुढे होऊन त्यांनी पहिल्या पायरीची खोबण चाचपली. “पण दगडाची आहे. घसरायची नाही. चला, पास!”

१८१८ साली कॅप्टन ब्रिग्जनं नाशिककडचे किल्ले घेतले तेव्हा कित्येक ठिकाणच्या वाटा सुरुंगांनी उडवल्या, हरिहरच्या पायऱ्या मात्र राहिल्या. नानांच्या मते साहेबालाही शिडीची कदर होती. कळसूबाईवर लोखंडी शिड्या आहेत. तिथे नाना प्रत्येक शिडीचे बोल्ट हलवून बघायचे, त्यामुळे महाराष्ट्राच्या त्या सर्वांत उंच शिखरावर, १६४६ मीटरवर, आमच्याआधी निघालेलेच नाहीत, तर आमच्यानंतर निघालेलेही आमच्याआधी पोचायचे.

डोंगरावर चूल पेटवायला नानांची बंदी होती. चहा घरून फिरकीच्या तांब्यात यायचा आणि वर पोचेपर्यंत चहा असल्याच्या नुसत्या आठवणी उरायच्या. कॉलेजची पोरं शेकोटी करून गाणी म्हणत बसलेली दिसली, की नाना जवळ जाऊन बसायचे. पोरांना वाटायचं, काकांना गाणी आवडली. नाना गाण्याकडे नव्हे, ठिणग्यांकडे कान लावून बसलेले असायचे. पोरं उठली की म्हणायचे, “आता विझवा बघू.” पोरं बुटानं माती लोटायची. मग नानांची शाळा सुरू. माती लोटून विस्तव मरत नाही, नुसता पांघरुणात झोपतो. पाणी ओता. काठीनं ढवळा. परत पाणी ओता. आणि शेवटी राखेवर हात ठेवा. सुलटा नव्हे, उलटा. उलट्या हाताची कातडी पातळ असते, तिला ऊब आधी कळते, आणि भाजलंच तर तळवा शाबूत राहतो, उद्या दोर धरायला. आग लागलेल्या घराचं बंद दारही असंच उलट्या हातानं आधी चाचपायचं असतं. दार गरम लागलं तर उघडायचं नाही, पलीकडे ती उभी असते.

‘ती’ म्हणजे आग. नाना आगीचा उल्लेख नेहमी असा करायचे, जुन्या बायका नवऱ्याचं नाव न घेता करतात तसा.

पराक्रम मात्र त्यांच्या तोंडून कधी ऐकायला मिळाला नाही. १९६९ सालच्या गोदावरीच्या महापुरात त्यांनी काय केलं, हे आम्ही परोपरीनं विचारायचो. गंगेला पूर आला (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, खऱ्या गंगेनं समजून घ्यावं) म्हणजे सगळं गाव दुतोंड्या मारुतीकडे बघतं. पाणी मारुतीच्या पायाला, गुडघ्याला, कमरेला, गळ्याला, अशी आमची मोजपट्टी. नारोशंकराच्या घंटेला पाणी लागलं म्हणजे मग बोलणंच खुंटलं. तर त्या महापुराबद्दल नाना फक्त एका शेळीची गोष्ट सांगायचे. छपरावर अडकलेली शेळी, ती कशी काढली, काढल्यावर तिनं नानांच्या शर्टाची बाही कशी खाल्ली. “आणि माणसं?” “माणसंही होती,” एवढंच. वाड्यात पुष्कळ वर्षं नानांची ख्याती शेळी वाचवणारा बंबवाला अशी होती. ते निवृत्त झाले त्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ फुलांचा हार घेऊन आले आणि नानांच्या पायांवर डोकं ठेवून रडले, तेव्हा आम्हाला कळलं की त्या छपरावर शेळीखेरीज चार जणांचं कुटुंबही होतं.

एक दिवस मात्र नाना आपण होऊन बोलायचे. १४ एप्रिल. त्या दिवशी नाशिक आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीत असायचं, आणि नाना मिरवणुकीहून आले की शर्टाला छोटा कागदी झेंडा लावून वाड्याच्या ओसरीवर आम्हा पोरांना गोळा करायचे. १९४४ सालच्या याच तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. जहाजाच्या पोटात स्फोटकं होती, सोन्याच्या विटा होत्या आणि कापसाच्या गाठीही होत्या. दुपारी धूर दिसला, बंब आले, पाणी मारत राहिले, आणि चार वाजून गेल्यावर जहाज उडालं. मग दुसरा स्फोट. अग्निशमन दलाचे ६६ लोक गेले. म्हणून हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. गोष्टीतल्या सोन्याच्या विटांनी आमचे डोळे लकाकायचे. सोनं शहरभर उडालं म्हणतात, ते कुणाला सापडलं? नानांना सोन्यात रस नसायचा. “कापूस आणि दारूगोळा एका पोटात भरतात का रे?” असं ते इतक्या दुःखानं विचारायचे, की ते जहाज आम्हीच भरलं होतं असं वाटावं. आणि लगेच उठून माळ्यावर जायचे. तिथे कुणाच्या तरी रॉकेलच्या डब्याशेजारी कुणाच्या तरी गोधड्या हमखास असायच्या.

खरी आग मी नानांच्या बरोबर एकदाच पाहिली, आणि ती गावात नव्हे, डोंगरावर. फाल्गुन होता. नाना निवृत्त झालेले, मी नोकरीला लागलेला. अंजनेरीच्या उतारावर आम्ही चाललो होतो, आणि खालच्या अंगाला धूर दिसला. वणवा. मोहाची फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून कुणी झाडाखालचा पाचोळा पेटवतं, नवं गवत जोमानं येईल म्हणून कुणी जुनं गवत जाळतं, कुणी नुसतीच विडी टाकतं. गवत वाळून कागद झालेलं असतं. मी म्हटलं, “नाना, वर पळू या.”

नानांनी माझं मनगट धरलं. तो हात म्हाताऱ्याचा नव्हता.

“वर? ती चढावर आपल्यापेक्षा जोरात पळते. पुढचं गवत तिला आधीच तापवून मिळतं. वर नाही, बाजूला!”

आम्ही आडवे पळालो, वळसा घालून तिच्या पाठीमागे आलो, जिथे गवत जळून काळं झालं होतं. “काळ्यात उभा राहा. काळ्यात तिला खायला काही नसतं.” निरगुडीच्या ओल्या फांद्या तोडल्या आणि काळ्या बाजूनं, शेपटाकडून, कडेकडेनं झोडपत निघालो. तोंडावर जायचं नाही, कडा खात जायचं. शिट्टीनं पाड्यावरची माणसं आली. नानांनी त्यांना पुढे पाठवून एक पट्टा मातीपर्यंत खरवडून घेतला. जाळरेषा म्हणतात तिला. दोन तासांनी आग त्या पट्ट्यापाशी आली, थोडी घुटमळली आणि भूक मेलेल्या पाहुण्यासारखी बसली.

मला वाटलं, झालं. पण नाना आणखी दोन तास त्या काळ्या उतारावर फिरत राहिले. प्रत्येक खोड, प्रत्येक वाळलेला शेणाचा पो, उलट्या हातानं. एका ठिकाणी ते थांबले. वर एक टिटवी गोल गोल फिरत ओरडत होती. खाली दगडांमध्ये तिची अंडी होती, चार, काळी पडलेली. ज्या माणसानं आयुष्यभर जळकी घरं बघून घरी येऊन शांतपणे पिठलं-भात खाल्ला, तो तिथे उकिडवा बसला. टोपी काढली. धुरानं आलेला खोकला बराच वेळ चालला होता, त्यामुळे डोळ्यांतलं पाणी कशाचं, ते मी विचारलं नाही. शेवटची एस.टी. गेली. रात्री आम्ही पाड्यावर झोपलो, म्हणजे मी झोपलो.

त्या पावसाळ्यात नाना मला परत तिथेच घेऊन गेले. एक फूल दाखवायचं होतं. कंदीलपुष्प. काडीला लटकलेला इवलासा कंदीलच. मुळाशी कंद असतो म्हणून वरचं जळालं तरी ते जमिनीतून पुन्हा उगवू शकतं. “डोंगरावर एवढा एकच कंदील चालेल,” नाना म्हणाले. या कंदीलपुष्पांतली एक जात अंजनेरीवरच सापडली आणि २००६ साली शास्त्रज्ञांनी तिला अंजनेरीचंच नाव दिलं. पेपरातलं ते कात्रण नानांनी आपल्या पदकाच्या डबीत ठेवलं. पदक कशाचं होतं, ते काकूंनाही सांगता आलं नाही. पुढे २०१७ साली अंजनेरी संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झालं, तेव्हा नानांनी वाड्यात पेढे वाटले. मी म्हटलं वाड्यात, पण वाडा तोवर राहिला नव्हता. त्या जागी पाच मजली इमारत झाली होती आणि नाना मुद्दाम पहिल्या मजल्यावर, जिन्याला लागून राहायला आले होते. जिन्यात लोकांच्या सायकली, चपलांचे स्टँड, जुने कूलर. नाना ते रोज उचलून खाली नेऊन ठेवायचे, लोक रोज परत वर आणायचे. दोन्ही बाजूंना चांगला व्यायाम होत होता.

सप्टेंबर २००८ मध्ये गंगा पुन्हा सराफ बाजारात शिरली, तेव्हा नाना सत्तरी ओलांडलेले होते. मी त्यांना शोधत गेलो, तर ते कठड्याशी उभे राहून एका तरुण हवालदाराला मारुतीवरून पाणी कसं वाचायचं ते शिकवत होते.

मग दम लागायला लागला. नानांच्या तरुणपणी तोंडाला ओला रुमाल बांधून धुरात शिरायचे, तो सगळा धूर आता व्याजासकट बाहेर येत होता. डॉक्टर म्हणाले, मोकळ्या हवेत जात जा. काकूंना इतक्या दुःखातही हसू आलं. “यांना हे सांगायला डॉक्टर कशाला?” रामशेज सुटला, मग पांडवलेणी सुटली, मग गच्ची उरली. गच्चीवरून, हवा स्वच्छ असली की, डोंगरांची रांग दिसायची. फाल्गुन-चैत्रात नाना संध्याकाळी तिथे खुर्ची टाकून बसायचे. धुराची रेघ दिसली की खिशातला फोन काढायचे. वनखात्याचा १९२६ हा नंबर त्यांना पाठ होता. “हां, नमस्कार. पेठ रस्त्याच्या डाव्या अंगाला, दुसरी सोंड, पायथ्याला. वारा पश्चिमेचा आहे. कडेकडेनं जा म्हणावं पोरांना.” नातू शेजारी बसून ऐकायचा. एकदा धूर म्हणून ज्याची वर्दी दिली ती वीटभट्टी निघाली. त्यावर नाना म्हणाले, “बरं झालं. खोटी वर्दी सगळ्यांत चांगली.”

माघात ते गेले. पहाटे पाचला, उठायच्या वेळेला.

दहावा रामकुंडावर. आता रामकुंडावरचे कावळे म्हणजे साऱ्या महाराष्ट्राचे पिंड पाहिलेले. त्यांना सहजासहजी कशाचं अप्रूप वाटत नाही. नानांचा पिंड ठेवला. कावळे समोरच्या भिंतीवर बसून राहिले. मुलगा म्हणाला, “नाना, आईला मी अंतर देणार नाही.” कावळा ढिम्म. धाकटी लेक म्हणाली, “तुमचा दोर आणि शिट्टी जपून ठेवू.” एका कावळ्यानं मान वळवली, तेवढंच. सोसायटीचे सेक्रेटरी आले होते, ते हात जोडून म्हणाले, “जिन्यातल्या सगळ्या सायकली उद्याच्या उद्या काढतो.” सगळ्यांना वाटलं, आता नक्की. पण नाही. नानांनी सेक्रेटरींना पुरतं ओळखलेलं होतं. गुरुजी घड्याळ बघू लागले आणि दर्भाच्या कावळ्याची गोष्ट निघाली.

नातू तेव्हा दहा वर्षांचा होता. तो इतका वेळ पिंडाकडे नव्हे, त्याच्या शेजारी बघत होता. पेटलेल्या उदबत्त्यांचा जुडगा खोचलेला, त्याला लागून कोरडी पत्रावळ, आणि वाऱ्यानं ती पत्रावळ फडफडत उदबत्तीवर येत होती. तो पुढे झाला, तांब्यातलं पाणी उदबत्त्यांवर ओतलं, गुरुजी “अरे अरे!” म्हणेपर्यंत काडीनं राख ढवळली, परत पाणी ओतलं आणि तिच्यावर उलटा हात ठेवला.

“गार झाली,” तो म्हणाला.

भिंतीवरून कावळा उतरला. आम्ही सगळे गप्प. कुणीतरी नाक ओढलं. गुरुजींनी थोडा वेळ जाऊ दिला, मग खाकरून त्या पोराला, अगदी वडीलधाऱ्याला विचारावं तसं, विचारलं, “दुसरी लावू का आता?”

पोरानं वारा कुठून येतोय ते बघितलं, पत्रावळ उचलून पलीकडे ठेवली, आणि म्हणाला, “लावा.”